प्रतिभाताईंनी सुमेर सोडली तेव्हा

बुऱ्हाणपुरात बाई गाडी चालवताना दिसली की दोन गोष्टी न विचारता कळायच्या. एक, ती राजपुऱ्याच्या प्रतिभाताईंकडे शिकलेली आहे. दुसरी, गाडी सुमेर कंपनीची आहे. पहिली गोष्ट अजूनही बरीचशी खरी आहे. दुसरी राहिली नाही. ती का राहिली नाही, यावर शनवारा चौकातल्या चहाच्या टपऱ्यांवर रोज बोलणं चालतं. कोणी म्हणतं, कंपनीच ढिली पडली. कोणी म्हणतं, नव्या कंपन्यांनी खाल्ली. आणि एखादा तरी म्हणतोच, "नाही रे भाऊ, ताईने बुडवली."

मी ताईंकडे गाडी शिकले. पुढे त्यांच्या मागच्या सीटवर बसून कितीतरी हिंडले. त्या सगळ्या दिवसांत मी जवळ होते, म्हणून झालं ते सांगते.

ताईंचा जन्म नेपानगरचा. वडील मोतीराम मूळचे यावलकडचे. कागद कारखान्यात जीपवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि तिथल्या वसाहतीतच त्यांचं आयुष्य गेलं. वसाहतीतले रस्ते सरळ, रुंद, आणि रविवारी रस्त्यावर चिटपाखरूही नसायचं. साहेबांच्या परवानगीने मोतीराम लेकीला जीपवर बसवायचे. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, पोरीला काय करायची गाडी? मोतीराम म्हणायचे, "ही घाई करत नाही. गाडी शिकायला तेवढंच लागतं."

लग्न होऊन ताई बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात आल्या. नवरा समाधान महाजन. घरामागच्या शेडमध्ये पॉवरलूमची दिवसभर खडखड, आणि घरापुढे गल्ली अशी की समोरून हातगाडी आली तर एकाला मागे सरावं लागतं. गाडी घेण्याची ऐपत नव्हती आणि उभी करायला जागाही नव्हती. जीप, वसाहत, रविवार, सगळं मागे पडलं. ताई सांगतात, "ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटताना कधी कधी डावा पाय आपोआप दाबला जायचा. क्लच दाबल्यासारखा."

तेव्हा गावात मोटार म्हणजे सुमेर. डॉक्टरांकडे सुमेर, केळीच्या आडत्यांकडे सुमेर, वकिलांकडे कोणाची तरी जुनी सुमेर. लालबाग रस्त्यावर प्रकाशशेठचं शोरूम होतं. नवी गाडी घ्यायची तर गावात दुसरीकडे जाण्याची सोयच नव्हती. प्रकाशशेठ माणूस दिलदार. गाडी कितीही छोटी असो, गिऱ्हाइकाला किल्ली देताना नारळ स्वतः फोडायचे आणि दारापर्यंत सोडायला यायचे.

त्यांच्या पत्नीला, वर्षावहिनींना, गाडी शिकायची होती. शोरूमचा ड्रायव्हर शेजारी बसला की वहिनींचा पाय गोठायचा. तो ओरडायचा आणि वहिनी रडत घरी यायच्या. समाधानभाऊ शोरूमला सीट कव्हरचं कापड द्यायला जायचे. त्यांच्या कानावर हे गेलं. ते सहज बोलून गेले, "आमच्या घरची चालवते ना."

"काय चालवते? स्कूटी?"

"जीप."

दुसऱ्या दिवशी मंडीच्या मागच्या मैदानात ताई वर्षावहिनींच्या शेजारी बसल्या. वहिनींनी किल्लीला हात घातला, तर ताईंनी तो अलगद बाजूला केला. म्हणाल्या, "आज चालवायचीच नाही. आधी बसून बघा. आरसे बघा. गाडी केवढी आहे ते बघा." तो पूर्ण तास गाडी जागची हलली नाही. वहिनी मात्र हसत घरी आल्या. महिन्याभरात त्या नवऱ्याला शेजारी बसवून तापीच्या पुलावरून फिरवून आणत होत्या.

मग शेठच्या नात्यातल्या बायका आल्या, त्यांच्या शेजारणी आल्या, शाळेतल्या शिक्षिका आल्या. प्रकाशशेठने एक जुनी सुमेर नीट करून, शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक आणि क्लच बसवून ताईंना रास्त भावात दिली. गाडी रात्री शोरूमच्या आवारात उभी राहायची. ताई सकाळी रिक्षाने तिथवर जायच्या.

आरटीओच्या परीक्षेआधी ताईंची स्वतःची एक परीक्षा असायची, आणि ती जास्त अवघड होती. शिकणाऱ्या बाईने गाडी चालवत आपल्या माहेरी जायचं. ताई शेजारी बसणार, पण तोंडातून शब्द काढणार नाहीत. कोणाचं माहेर खकनारला, कोणाचं असीरगडच्या पायथ्याशी, कोणाचं थेट रावेरला. माझं माहेर शाहपूरचं. मी दारात गाडी उभी केली तेव्हा वडील केळीच्या बागेतून नुकतेच आले होते, पाय चिखलाचे. त्यांनी आधी मागचं दार उघडून पाहिलं, जावईबापू कुठे आहेत म्हणून. मग स्टिअरिंगवर मी दिसले. घरात गेले आणि आईला म्हणाले, "मृणालने गाडी आणली. चहात साखर जास्त टाक."

असं प्रत्येक दारात घडायचं आणि प्रत्येक दारात भाऊ, वहिनी, शेजारपाजारचे गाडीभोवती जमायचे. हात लावून बघायचे. "सोपी आहे का ग चालवायला?" विचारायचे. वर्षभरात त्या दारात सुमेर आलेली असायची. प्रकाशशेठ उघड म्हणायचे, "माझे सगळे सेल्समन एका पारड्यात आणि ताई एका पारड्यात." ताईंनी मात्र यासाठी त्यांच्याकडून कधी काही घेतलं नाही. दिवाळीला शोरूममधून मावा-जिलेबीचा डबा यायचा, तेवढा ठेवून घ्यायच्या. "गाडी चांगली वाटते म्हणून सांगते," म्हणायच्या. "विकायला नाही सांगत."

मग इंदूर रस्त्यावर दुसऱ्या कंपन्यांची शोरूम उघडू लागली. आधी एक, मग शेजारी दुसरं, काचेच्या भिंती, आत थंडगार हवा. गाड्या उंच, रंग नवे, आत मोठा पडदा. शिकायला येणाऱ्या मुली मोबाइलवर व्हिडिओ दाखवायच्या, गाडी भिंतीवर आपटतात आणि आतल्या बाहुल्यांचं काय होतं ते बघून गाडीला तारे देतात. "ताई, आपल्या सुमेरला तर फारच कमी तारे मिळून राहिले." ताई आरशातून नजर न काढता म्हणायच्या, "तारे आकाशात बघायचे. रस्त्यावर खड्डे बघायचे." आम्ही सगळ्या हसायचो. त्या काळात ताई सुमेरच्या पक्क्या होत्या.

ज्योत्स्ना त्याच सुमारास शिकून गेली. सिंधीपुऱ्यातली सून, असीरगडच्या पलीकडे घाट उतरून एका गावच्या शाळेत शिक्षिका. रोज बसने जायची आणि बस चुकली की पगार कापला जायचा. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा तिच्या नवऱ्याला दुसऱ्या कंपनीची आवडली होती. ज्योत्स्नाने ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, "सुमेर घे. हलकी आहे, वळायला सोपी, काही झालं तर मिस्त्री घराजवळ." तिने सुमेरचं सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं. तीन वर्षं गाडीने तिला कधी दगा दिला नाही.

चौथ्या वर्षी पावसाळा सरता सरता, शाळेतून परतताना घाटातल्या वळणावर एक ट्रक दुसऱ्याला मागे टाकत चुकीच्या बाजूने आला. ज्योत्स्ना आपल्या बाजूला होती. वेग कमी होता, बेल्ट लावलेला होता. तरी गाडीचं तोंड आत घुसलं. बरगड्या मोडल्या, डावा खुबा मोडला.

आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती. ताईंना बघून पहिलं वाक्य हेच बोलली, "ताई, मी चूक नाही केली."

"माहीत आहे मला, बेटा."

"हॉर्न पण दिला होता."

"माहीत आहे."

बाहेर बाकावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. थकल्या आवाजात एवढंच विचारलं, "ही गाडी तुम्हीच सांगितली होती ना, ताई?"

"हो," ताई म्हणाल्या. "मीच."

दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाल्या, घाटात जायचं. पोलीस चौकीबाहेर ती गाडी ओढून आणून ठेवली होती. मी दुरूनच थांबले. ताई जवळ गेल्या, वाकून आत पाहिलं. स्टिअरिंग सीटला जवळजवळ टेकलं होतं. पलीकडे तो ट्रक उभा होता, त्याला नुसता पोचा आला होता. ताई गाडीच्या छपरावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "ताई, चूक ट्रकवाल्याची आहे."

"चूक त्याची," त्या म्हणाल्या. "गाडी माझी."

तिथून आम्ही थेट प्रकाशशेठकडे गेलो. शेठला अपघाताचं कळलं होतं, ते स्वतः दवाखान्यात जाऊन आले होते. त्यांनी चहा सांगितला. ताईंनी कपाला हात लावला नाही.

"शेठ, ज्योत्स्नाच्या गाडीत एअरबॅग नव्हती?"

"बेस मॉडेल होतं, ताई. तेव्हा त्यात येत नव्हती. कायद्याने लागत पण नव्हती."

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तुम्ही कधी विचारलं?"

बोलून गेल्यावर शेठचाच चेहरा पडला. ताई मात्र मान हलवत म्हणाल्या, "बराबर आहे. मी नाही विचारलं. आता विचारते. आज जी गाडी विकून राहिले तुम्ही, तिची बॉडी तीच आहे का?"

शेठने आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "कंपनी म्हणते लोकांना अॅव्हरेज पाहिजे, किंमत कमी पाहिजे. मजबूत केली तर जड होते, महाग होते. आणि ताई, इतकी वर्षं तुम्हीच म्हणत आल्या ना, हलकी गाडी बायकांना बरी?"

"म्हणत होती. तेव्हा आपल्या बायका राजपुऱ्यातून शनवाऱ्यापर्यंत जायच्या, शेठ. आता खंडव्याला जातात, इंदूरला जातात. रस्ते मोठे होऊन राहिले, ट्रक मोठे झाले. बायका कुठल्या कुठे निघून गेल्या. आपली गाडी तिथंच राहिली."

चहावर साय धरली.

ताईंनी क्लास बंद ठेवला. शिकणाऱ्यांना निरोप दिला, थोडे दिवस थांबा. समाधानभाऊ समजावायचे, लूमवरच्या आवाजातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "अगं, तू काय कंपनीची मालकीण आहे का?" ताई म्हणायच्या, "मालकिणीचं कोणी ऐकत नाही. माझं ऐकतात." आणि रोज दुपारी ज्योत्स्नाकडे जाऊन बसायच्या. कधी केळ्याची शिकरण घेऊन, कधी नुसत्याच. ज्योत्स्ना वॉकर घेऊन चालू लागली, मग काठी घेऊन. शाळेत रुजू झाली, पण पुन्हा बसने. एका दुपारी ती म्हणाली, "ताई, बसची पायरी चढवत नाही. गाडी मला चालवायची आहे. पण डाव्या पायाने क्लच दबत नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण बसमध्ये पण वाटते. तिथं तर स्टिअरिंग पण दुसऱ्याच्या हातात."

तेव्हा ताईंच्या डोक्यात ऑटोमॅटिक गाडीचा विचार आला. क्लच नाही, गिअर आपोआप बदलतो, डाव्या पायाला काम नाही. आधी त्या प्रकाशशेठकडेच गेल्या. सुमेरची ऑटोमॅटिक होती, पण सगळ्यात महागड्या मॉडेलमध्ये, आणि ती कधी येईल ते कंपनीच सांगत नव्हती. इंदूर रस्त्यावर दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये छोटी ऑटोमॅटिक उभी होती. एअरबॅग होत्या, तारेही चांगले होते. ताईंनी ती चालवून पाहिली. गाडी पक्की ठरवली, पण पैसे भरले नाहीत. परत लालबाग रस्त्यावर आल्या.

"शेठ, मी क्लाससाठी दुसरी गाडी घेऊन राहिली. दुसऱ्या कंपनीची."

शेठने बाहेर बघितलं. "गावात चर्चा होईल, ताई."

"होईल."

"माझ्या धंद्याला फटका बसेल."

"बसेल. म्हणून तर आधी तुमच्याकडे आली. बाहेरून कळलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता नाही वाटून राहिलं असं वाटतं का तुम्हाला?"

ताई उठल्या. शेठ खुर्चीतून उठले नाहीत. इतक्या वर्षांत ते ताईंना दारापर्यंत सोडायला आले नाहीत, असं पहिल्यांदाच झालं. मी ताईंबरोबर होते. रिक्षात बसल्यावर त्या पदराने डोळे टिपत होत्या, पण रिक्षावाल्याला म्हणाल्या, "इंदूर रोड."

नवी गाडी आली, तिलाही शेजारी दुसरा ब्रेक बसवून घेतला, आणि मग एक अडचण उभी राहिली. आयुष्यभर गिअरची गाडी चालवलेल्या ताईंना ऑटोमॅटिक येत नव्हती. शोरूमच्या आवारात त्यांनी हळूहळू एक फेरी मारली होती तेवढीच. ज्योत्स्नाने मोबाइलवर सगळे व्हिडिओ पाहून ठेवले होते. ती म्हणाली, "तुम्ही बसा स्टिअरिंगवर. मी सांगते."

मंडीमागच्या त्याच मैदानात आम्ही तिघी. ताई स्टिअरिंगवर, ज्योत्स्ना शेजारी, काठी तिच्या गुडघ्यांमध्ये, मी मागे. गाडी सुटली, जरा वेग आला आणि ताईंच्या डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला. क्लच नव्हता, पाय ब्रेकवर बसला, तोही पूर्ण ताकदीने. माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"ताई, तो डावा पाय घरी ठेवून येत जा!" ज्योत्स्ना ओरडली.

आपण काय बोललो ते बोलल्यावर तिचं तिलाच कळलं. आपल्या पायाकडे तिने पाहिलं. मग तिलाच हसू फुटलं. बरगड्या दुखत होत्या तरी धरून धरून हसली. अपघातानंतर तिला इतकं हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

"ओरडू नको ना," ताई म्हणाल्या. "मी शिकून राहिली."

"मग आधी बसून बघा. आरसे बघा. गाडी केवढी आहे ते बघा."

साठीला आलेल्या बाईने त्या दिवशी आपल्या विद्यार्थिनीचं मुकाट्याने ऐकलं. त्यांच्या शिकण्यातही घाई नव्हती. आठवड्याभरात डावा पाय शांत बसायला शिकला. मग जागा बदलल्या. ज्योत्स्ना स्टिअरिंगवर बसली. ताईंनी आपला पाय ब्रेकपासून दूर घेतला, तिला दिसेल असा. म्हणाल्या, "गाडी तुझी आहे." आधी मैदान, मग लालबाग, मग एका सकाळी घाट. ज्या वळणावर ते झालं होतं तिथे ज्योत्स्नाने हॉर्न दिला, वेग कमी केला आणि वळण घेतलं. ताई काही बोलल्या नाहीत. मी मागे बसून देवाचं नाव घेत होते, ते दोघींनाही ऐकू गेलं असणार. काही महिन्यांनी ज्योत्स्नाने स्वतःची ऑटोमॅटिक घेतली. आजही ती त्याच गाडीने शाळेत जाते.

बातमी गावभर झाली. त्या दुसऱ्या शोरूमचा मॅनेजर अक्षय, इंदूरचा तरुण मुलगा, वागायला नम्र, ताईंच्या घरी मिठाई घेऊन आला. मोबाइलवर त्याने एक बॅनर दाखवला. ताईंचा फोटो, शेजारी त्यांची गाडी आणि वर मोठ्या अक्षरांत: 'ताईंनीही सुमेर सोडली!' हा बॅनर तो शनवाऱ्यात लावणार होता.

"ताई, सर्व्हिस सगळी फ्री करून देतो. आप तो हमारे लिए..."

ताईंनी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "हे काढून टाक, बेटा."

"पण ताई, खोटं काय आहे यात?"

"खोटं काहीच नाही. गाडी तुमची चांगली आहे, मी पैसे देऊन घेतली. सर्व्हिसचे पण देईन. पण प्रकाशशेठकडे काम करणारी माणसं याच गावात राहतात. त्यांच्या पोटावर पाय देताना माझा फोटो नको."

अक्षयने बॅनर लावला नाही, हे त्याच्याही बाजूने सांगायला हवं. पण बॅनर लागला नाही तरी व्हायचं ते झालंच. बायका ताईंकडे नव्या गाडीवर शिकू लागल्या, माहेरच्या दारात आता ती गाडी उभी राहू लागली. खरं तर ताई निमित्तमात्र होत्या. गावातल्या तरुण मुलांनी, डॉक्टरांनी, केळीच्या आडत्यांनी आधीच पाठ फिरवायला सुरुवात केली होती. शेठच्या शोरूममध्ये काचेमागे एकच गाडी उरली. अर्धी जागा त्यांनी ट्रॅक्टरच्या एजन्सीला दिली. काही माणसं कमी करावी लागली. त्यांतल्या दोघांना ताईंनी खटपट करून अक्षयकडे लावलं, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला त्या दोघांपैकी एकाच्या बायकोकडून कळलं, मी शिकवते त्याच शाळेत ती शिकवते.

लग्नकार्यात शेठ दिसले तर ताई नमस्कार करायच्या. शेठ हात जोडायचे आणि दुसऱ्या पंगतीकडे वळायचे. ताईंना ते लागायचं.

मग एक दिवस वर्षावहिनी राजपुऱ्यात आल्या. ताईंची पहिली विद्यार्थिनी. नवऱ्याचं बोलणं बंद होतं तरी त्यांचं येणं-जाणं सुरूच होतं. त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगायला आले." इंदूरला सुमेरच्या सगळ्या डीलरांची बैठक झाली होती. साहेब पडद्यावर आकडे दाखवत होते. प्रकाशशेठ मध्येच उभे राहिले आणि म्हणाले, आकडे राहू द्या, आमच्या गावच्या एका पोरीचा खुबा कसा मोडला ते ऐका. सगळं सांगितलं. साहेब नाराज झाले, काही डीलरांनी खाली बसा म्हटलं. शेठ बसले नाहीत.

"कधीची गोष्ट?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही गाडी बदलली त्याच्या आधीची. ज्योत्स्ना अजून दवाखान्यात होती."

ताईंनी चप्पल घातली आणि त्याच पावली शोरूमला गेल्या. दोघांमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी नव्हते. वर्षावहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बोलणं कसलं? चहा प्याले." पण ताई परत निघाल्या तेव्हा शेठ दारापर्यंत आले होते, हे समोरच्या पंक्चरवाल्याने पाहिलं.

पुढे सुमेरची नवी गाडी आली. बॉडी मजबूत, सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्येही सहा एअरबॅग, आणि ऑटोमॅटिकही. तारे चांगले मिळाले. शेठच्या बोलण्याने कंपनी हलली असं म्हणायला मला आवडलं असतं. शेठ स्वतः तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, "विक्री पडली म्हणून जाग आली. मार बसल्याशिवाय मोठा माणूस ऐकत नाही, कंपनी कुठून ऐकणार?"

गाडी आली त्याच आठवड्यात शेठ आणि वर्षावहिनी ती घेऊन राजपुऱ्यात आले. गल्लीत शिरत नव्हती म्हणून कोपऱ्यावर लावली आणि चालत ताईंच्या दारात उभे राहिले. ताईंनी मला फोन करून बोलावलं. ताई स्टिअरिंगवर, शेजारी वर्षावहिनी, मागे मी आणि शेठ. शनवाऱ्याच्या गर्दीतून, रिक्षांच्या मधून, बाहेर तापीच्या पुलावर आणि परत. शेठ सगळ्या वाटेवर ताईंच्या चेहऱ्याकडे आरशातून बघत होते, पोराच्या निकालाला आल्यासारखे.

गाडी थांबवून ताईंनी दार उघडलं, बंद केलं. पुन्हा उघडलं, बंद केलं. म्हणाल्या, "मागचं नीट दिसत नाही, खिडकी लहान केली. पण गाडी चांगली आहे, शेठ. खरंच चांगली आहे."

"मग आता सांगाल ना बायकांना?"

"नाही."

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू उतरू लागलं, तशा ताई पुढे म्हणाल्या, "आता मी कोणालाच कोणती गाडी घ्या म्हणून सांगत नाही, शेठ. याची पण नाही, त्याची पण नाही. काय काय बघायचं ते सांगते. तुमच्याकडे जाऊन बघा म्हणून पण सांगेन. घेणारीने स्वतः बसून ठरवायचं."

शेठने थोडा विचार केला. "म्हणजे माझ्या शोरूमची पायरी तर चढवाल?"

"ती चढवीन. रोज चढवीन."

"बस झालं," शेठ म्हणाले. "पुढचं मी बघतो. नारळ फोडायला हात अजून आहेत माझे."

सुमेर पुन्हा पहिल्यासारखी झाली का? नाही. गावात आता चार-पाच कंपन्यांच्या गाड्या दिसतात आणि सुमेर त्यांतली एक. पण शेठच्या काचेमागे पुन्हा दोन-तीन गाड्या उभ्या असतात, आणि काढलेल्यांपैकी एक माणूस त्यांनी परत बोलावला आहे. चहाच्या टपरीवर कंपनी बुडाली की उठली यावर अजून वाद चालतो. ताईंना कोणी विचारलं तर त्या म्हणतात, "मी गाडी शिकवते. कंपनी नाही शिकवत."

सध्या त्यांच्याकडे खकनारच्या मथुराबाई येतात. केळीची मोठी बाग, मुलं बाहेरगावी, नवऱ्याला डोळ्यांनी कमी दिसतं. नातवंडं म्हणतात आजी रिक्षाने जा, मथुराबाई म्हणतात, मी का रिक्षाने जाऊ, माझी बाग आहे. परवा मी मंडीमागच्या मैदानावर गेले तेव्हा त्या रिव्हर्स शिकत होत्या. मागे लावलेल्या विटा दोनदा पाडून झाल्या होत्या, घाम आला होता, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तरी त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. स्टिअरिंग तसंच वाकडं धरून त्यांनी विचारलं, "प्रतिभाबाई, खरं सांगा बरं, कोणती गाडी घेऊ मी? सुमेर का ती दुसरी?"

ताईंनी मागच्या काचेतून विटांकडे पाहिलं.

"आधी ही तर मागे घ्या, बाई," त्या म्हणाल्या. "हळू. घाई नाही."